दात बघताना डोळ्यांकडेही बघ

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

दातांच्या डॉक्टरने मुलाच्या डोळ्यांविषयी बोलणं आगाऊपणाचं होईल का, असं तू विचारलंस. मुळीच नाही. काही मुलांच्या डोळ्यांतल्या आजाराचा सुगावा पहिल्यांदा तुझ्याच खुर्चीत लागू शकतो.

अ‍ॅक्सेनफेल्ड-रीगर सिंड्रोम या जन्मजात, आनुवंशिक आजाराचंच घे. मूल 8-9 वर्षांचं झालं तरी वरचे पटाशीचे दात आलेले नसतात, किंवा आलेत ते खुंटीसारखे बारीक असतात. ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, काढावा तर काही दातांचे अंकुरच नसतात. वरचा जबडा मागे राहिल्यामुळे खालचा पुढे आल्यासारखा वाटतो. आपण लगेच तारा कधी लावायच्या, जागा कशी राखायची या हिशेबाला लागतो. तो करूच, पण त्याआधी मुलाच्या डोळ्यांत नीट बघ. बाहुली मधोमध आहे का, की एका बाजूला ओढली गेली आहे? तिचा आकार गोल आहे का? बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला आणखी एखादं भोक दिसतं का? मग आईला विचार, बेंबीभोवती जास्तीची कातडी आहे का, लहानपणी हर्निया समजून तिथे ऑपरेशन झालं होतं का. दातांच्या दवाखान्यात हा प्रश्न ऐकून आई चक्रावेल. तरी विचारच.

दात, डोळा आणि बेंबी यांचा संबंध गर्भातच जुळलेला असतो. पिटएक्स-2 नावाचं जनुक या तिन्ही ठिकाणी लागतं. डोळ्यातलं पाणी जिथून झिरपून बाहेर पडतं ती जाळी आणि दातातलं डेंटिन (इनॅमलखालचा थर), दोन्ही घडवणाऱ्या पेशी न्यूरल क्रेस्ट या गर्भातल्या पेशीसमूहातूनच येतात. जाळी नीट घडली नाही की डोळ्यातला दाब वाढतो. या सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या रुग्णांना काचबिंदू होतो. बहुतेकदा किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात, कधी तान्हेपणीही. तो बहुधा दुखत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. पटाशीचे दात मात्र त्याच्या कितीतरी आधी यायला हवे असतात. मधली ही वर्षं मला फार मोलाची वाटतात, कारण दाब वेळेत कळला तर थेंबांनी किंवा शस्त्रक्रियेने नजर वाचवता येते.

पण म्हणून प्रत्येक पेग लॅटरल, म्हणजे बाजूचा खुंटीसारखा पटाशीचा दात, दिसला की घाबरवत सुटू नकोस. बाजूचा एखादा दात बारीक असणं किंवा नसणं निरोगी मुलांतही बरंच आढळतं. मधले दात नाहीत, अनेक दात नाहीत, किंवा जोडीला डोळा-बेंबीची खूण आहे, तिथे थांब.

आणखी दोन आजार ध्यानात असू देत. नॅन्स-होरान सिंड्रोममध्ये मुलगा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊनच जन्मतो. तान्हेपणी ऑपरेशन होतं, कारण मात्र अनेकदा कळत नाही. पुढे दात येतात ते स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखे, आणि तेव्हा तुला त्या आजाराचं नाव सुचायला हवं. जलीली सिंड्रोममध्ये सगळ्याच दातांचं इनॅमल, म्हणजे वरचं टणक आवरण, कच्चं असतं आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या दोषामुळे मुलाला उजेड सोसत नाही. खुर्चीवरच्या दिव्याने डोळे मिटणारी मुलं रोजच भेटतात, पण इनॅमलही असं असेल आणि बुबुळं थरथरत असतील तर रंग ओळखता येतात का ते विचार.

चिठ्ठीत नुसतं 'डोळे तपासावेत' असं लिहू नकोस. कोणते दात नाहीत, बाहुली कशी दिसली, बेंबीचं काय कळलं ते लिही. अ‍ॅक्सेनफेल्ड-रीगरची शंका आहे, स्लिट लॅम्प (डोळ्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी), डोळ्यातला दाब आणि गोनिओस्कोपी (त्या जाळीच्या जागेची तपासणी) व्हावी, असं स्पष्ट लिही. पहिली तपासणी ठीक निघाली तरी ती पुढे नियमित चालू ठेवायची आहे, हे आईवडिलांना बजाव. या सिंड्रोममध्ये आईवडिलांपैकी एकाला दोष असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता 50 टक्के असते, आणि एकाच घरात कुणाचे दात ठळक बिघडलेले तर कुणाचे डोळेच. तेव्हा भावंडांना आणि आईवडिलांनाही त्याच चिठ्ठीवर पाठव.

तुझा,
सर