बोरिवलीच्या नॅशनल पार्कात 68 वर्षांची आई आणि 7 वर्षांचा मुलगा यांना झेपेल अशी जंगलातली वाट आहे का? ट्रेकर मित्र म्हणतात, 'तिथे काय बघायचंय, वेळ फुकट जाईल.'

आहे. शिलोंडा. पण तुमच्या मित्रांचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून आधी आमच्या घरातलं सांगते.

माझे धाकटे दीर ट्रेकर आहेत. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेत, कळसूबाईला किती वेळा गेले ते आता तेही मोजत नाहीत. चांगलंच आहे. पण त्यामुळे ज्या वाटेवर दम लागत नाही ती वाटच नव्हे, असं त्यांचं ठाम मत. आम्ही कांदिवलीला राहतो, पार्क हाकेवर, आणि पंधरा वर्षं ऐकतेय, 'वहिनी, ते गार्डन आहे.'

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर, आम्ही सगळे शिलोंडाला गेलो. सासूबाई तेव्हा 74 च्या, एक गुडघा कुरकुरणारा. सोबत पार्काचा वाटाड्या, तिथल्याच पाड्यावरचा मुलगा. भावोजी हातातल्या घड्याळात पावलं मोजत पुढे निघून गेले. आम्ही मागे रमतगमत. माझ्या लेकीला मृगाचे किडे सापडले, ते लाल मखमली. तिथेच वीस मिनिटं गेली. वर कुठेतरी शीळकरी कस्तूर शीळ घालत होता, अगदी माणसासारखी, बेसूर. सासूबाईंना वाटलं भावोजीच बोलावतायत.

आणि मग सासूबाई थांबल्या. पाचोळ्यातून टीचभर उंचीचं, जांभळट-तपकिरी काहीतरी वर आलेलं. त्या बघतच राहिल्या. 'अगं, ही शेवळं!'

आम्ही सीकेपी. शेवळं म्हणजे पहिल्या पावसातली रानभाजी, आणि शेवळाची कणी झाल्याशिवाय आमच्याकडे पावसाळा सुरू होत नाही. आतला पिवळा भाग काढून टाका, काकडं, म्हणजे खाज मोडणारी आंबट रानफळं घाला, तरी एखाद्या वर्षी घसा खाजतोच. या बाईंनी पन्नास वर्षं स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायकांकडून जुड्या आणल्या, पण शेवळं जमिनीत उभं कधी पाहिलेलंच नव्हतं. त्या खाली वाकल्या, गुडघा विसरून, आणि हात पुढे केला. वाटाड्या म्हणाला, 'आजी, इथलं नाही काढायचं.' राष्ट्रीय उद्यान आहे, पानफूलसुद्धा नेता येत नाही, 1972 चा कायदा आहे. त्यांनी हात मागे घेतला, पण जरा रागानेच. मग दोघांच्या गप्पा रंगल्या. त्यांच्या पाड्यावर शेवळं कशी करतात, काकडं नसली तर काय घालतात. अर्धा तास. मी एका दगडावर बसून ऐकत होते.

ओढ्यावर पोचलो तर भावोजी कंटाळून बसलेले. 'दीड तास झाला! मी दोनदा जाऊन आलो असतो.' सासूबाई म्हणाल्या, 'शेवळं दिसली का रे?' नव्हती दिसली. तिथूनच तर गेले होते. 'भाजी बघायला जंगलात कशाला यायचं,' म्हणाले. त्या वाक्यावर आमच्याकडे अजून भांडण होतं. गड चढून उतरलात तर तुमचं कौतुक आहेच, पण मान खाली घालून चढणाऱ्याने जंगल पाहिलं असं मी मानत नाही.

2024 मध्ये कारवी फुलली. इथली कारवी 2008, 2016, 2024 अशी आठ वर्षांनी एकदा फुलते. आम्ही सासूबाईंना घेऊन पाहून आलो. भावोजींना तेव्हा कुठल्याशा डोंगरातल्या पासवर, म्हणजे खिंडीत, ट्रेकला जायचं होतं. आता 2032.

तुमच्या प्रश्नाचं: शिलोंडासाठी आधी नोंदणी करा, पार्काचा वाटाड्या सोबत असतो. उगाच आपले आपण आत शिरू नका. वाट बहुतेक सपाट आहे, पण ओढ्याजवळ दगड आहेत, आईंना तिथे हात द्यावा लागेल. कान्हेरीची लेणी मला स्वतःला जास्त आवडतात, पण पायऱ्या आहेत. गुडघे बरे असतील तर वरपर्यंत न्या आणि पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकी, मुलाला दाखवा, कातळात कोरलेल्या, बऱ्याच लेण्यांपाशी आहेत. गेटपासून तिथवर डांबरी रस्ता आहे सहा-सात किलोमीटर, तो आईंना चालायला लावू नका, बसने जा.

खरं तर आधीच सांगायला हवं होतं: बिबटे आहेत. दिवसा घोळक्यात चालणाऱ्याच्या वाटेला सहसा जात नाहीत, पण मुलाला पुढे पळू देऊ नका, घोळक्याच्या मधे ठेवा. आणि मुसळधार पावसात शिलोंडा नकोच. ओढा बघता बघता चढतो आणि दगडांवर शेवाळ असतं. मी जूनचं एवढं कौतुक केलं, पण पहिल्यांदाच जात असाल तर नोव्हेंबर-डिसेंबर बरा. शेवळं मात्र तेव्हा दिसणार नाहीत.

सोमवारी जाऊ नका, पार्क बंद असतं. आम्ही एकदा सगळं खटलं घेऊन, डबे भरून, बंद गेटपर्यंत गेलो होतो. तो दिवस भावोजींनी ठरवला होता.