"मॅडम, माझी स्वतःची स्टाइलच नाहीये"

हे वाक्य हल्ली माझ्या समुपदेशनाच्या केबिनमधे वरचेवर ऐकू येतं. चित्र काढायला नुकती सुरुवात केलेली मंडळी, कुणी कॉलेजातली, कुणी नोकरी करून रात्री काढणारी, एक तर रिटायरमेंटला आलेले काका होते, आणि सगळ्यांची रड एकच की मी काढतो ते कुणासारखं तरी दिसतं, माझं असं काही दिसतच नाही. त्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिला विचारून लिहितीये, ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि लिहून झाल्यावर तिला वाचून पण दाखवलंय.

ती मुळात आली झोप लागत नाही म्हणून. वय पंचवीस, सांगलीकडची, पुण्यात आयटीमधे टेस्टिंगचं काम. पहिला अर्धा तास मॅनेजर, अप्रेझल, पीजीच्या जेवणातली पाणीदार आमटी असं सगळं झालं आणि मग मी सहज विचारलं, रात्री दोन वाजेपर्यंत जागून करतेस काय? तर म्हणाली चित्रं काढते. म्हणलं वा, छान की, मग? "मग पोस्ट करते. मग सकाळी उठून डिलीट करते."

दोन वर्षांत तिनं तीन अकाउंट उघडली आणि तिन्ही पुसली. आधी अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून, मोठे डोळे आणि टोकदार केस. मग कुणीतरी सांगितलं की अ‍ॅनिमे सगळेच काढतात, मग सपाट रंगांची ती कॉर्पोरेट चित्रं असतात ना, लांब हातपाय आणि एवढंसं डोकं, ती. मग मंडला, ती गोलात भरत जायची नक्षी. मग हप्त्यावर आयपॅड घेतला, प्रोक्रिएट हे चित्रं काढायचं अ‍ॅप टाकलं, आणि त्यात दीड-दोनशे ब्रश गोळा केले कारण जिची चित्रं तिला आवडतात ती कुठला ब्रश वापरते ते कळलं की आपलंही तसं होईल असं वाटायचं. प्रत्येक नवीन स्टाइलचा पहिला आठवडा मस्त जायचा, दुसऱ्या आठवड्यात कुणाचं तरी भारी चित्र दिसायचं आणि हिचं मन उडायचं. "माझं ना मॅडम, धरसोड आहे सगळं," हे तिचं स्वतःचं निदान.

इथे मी चुकले ते आधी सांगून टाकते. मी म्हणलं, अगं जगाचा विचार सोड, तुझ्या मनाला येईल ते काढ. ऐकायला किती गोड वाटतं ना. ती मान हलवून गेली आणि पुढचे तीन आठवडे फिरकलीच नाही. नंतर आली तेव्हा म्हणाली, मनाला येईल ते काढायला बसले तर मनात काही येतच नाही, म्हणजे मला आतून पण काही नाहीये का? बघा, मी मदत करायला गेले आणि तिच्या भीतीला अजून एक पुरावा देऊन बसले. कोऱ्या कागदापुढे घाबरलेल्या माणसाला "मोकळेपणानं काढ" म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला "रिलॅक्स हो" म्हणण्यासारखं आहे, आणि इतक्या वर्षांनंतर हे मला कळायला हवं होतं.

मग ठरवलं की मनात काय आहे ते विचारायचंच नाही, कागदावर काय आहे ते बघायचं. म्हणलं, पुढच्या वेळी येताना असतील नसतील तेवढी चित्रं घेऊन ये. चांगली निवडून नको, सगळी. शाळेतली पण, आईनं जपून ठेवली असतील तर. आयांनी ठेवलेली असतात.

ती आली ती डीमार्टची मोठी पिशवी भरून. केबिनमधलं टेबल सरकवलं, सतरंजी गुंडाळली आणि फरशीवर सगळं मांडलं. वहीची फाटकी पानं, आयपॅडवरच्यांची प्रिंट, ऑफिसच्या मीटिंगमधे नोटपॅडच्या मागे केलेली गिरगिट, शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या वेळचे सरावाचे कागद, त्यावर पोस्टर कलरचे पोपडे सुटलेले. साठ-सत्तर तरी होती. मी चित्रकार नाही, माझी कला एलिमेंटरीच्या सी ग्रेडवर संपली, त्यामुळे चांगलं-वाईट यातलं मला काही कळत नव्हतं आणि तेच बरं झालं. मी म्हणलं, ब्रश, रंग, स्टाइल सोड, नुसतं सांग, या चित्रात आपण उभे कुठे आहोत?

तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग एक एक कागद उचलून बघायला लागली. मंडईचं चित्र, वरून. अ‍ॅनिमेतली मुलगी छत्री घेऊन चाललीये, छत्री वरून दिसते, चेहरा अर्धा झाकलाय. सपाट रंगातलं कॉफी शॉप, टेबलांचे गोल वरून. मीटिंगमधली गिरगिट म्हणजे समोरच्या साहेबांचं टक्कल, तेही वरून, आणि ही तर खुर्चीत बसलेली होती, तिला ते वरून दिसणं शक्यच नव्हतं. मंडलाबद्दल मी बोलत नाही, ते सगळ्यांचंच वरून असतं. पण बाकीच्यातली निम्म्याहून जास्त, तीन वेगवेगळ्या स्टाइलमधली, कुठल्यातरी उंचावरून खाली बघत काढलेली. ती बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "आमची गॅलरी."

सांगलीकडचं घर बाजारपेठेत, खाली आजोबांचं दुकान, वर राहायचं. शाळेतून आल्यावर आई गॅलरीत बसवायची आणि ही कठड्याच्या गजातून खाली बघत बसायची. हातगाड्या, डोक्यावरच्या पाट्या, पावसात छत्र्यांची गर्दी, भांडणं. ती म्हणाली, माणसं मला डोक्यावरूनच ओळखू यायची, कुणाचा भांग कसा, कुणाची टोपी कशी.

आणि मग तिला आठवलं की इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राच्या सरावाला तिनं आठवडी बाजार वरून काढला होता. तो कागद पिशवीत होता. ज्यांनी या परीक्षा दिल्यात त्यांना माहितीये, स्मरणचित्राला तयारी कशी करून घेतात ते, डावीकडे झाड, मधे दोन माणसं, एक बाई पाठमोरी, एक कुत्रं, विषय बस स्टॉप असो की फुगेवाला, माणसं तीच. तिला शिकवणाऱ्यांनी सांगितलं, वरून काढू नकोस, मार्क जातात. तिनं समोरून काढलं, बी ग्रेड मिळाली, दहावीला वाढीव मार्क मिळाले, विषय संपला.

आता इथे एक मोह होतो, की बघा शिक्षकांनी कोवळ्या मुलीची कला मारली. मी तसं होऊ दिलं नाही. दहावीचे मार्क ही पण खरी गोष्ट आहे, त्यांनी त्यांचं काम केलं, आणि मुख्य म्हणजे त्यांनी सांगूनही हिची गॅलरी गेली नाहीच ना, अ‍ॅनिमेत शिरली, कॉफी शॉपमधे शिरली.

पण फरशीवर अजून एक गोष्ट दिसत होती आणि ती तिला आवडली नाही. साठ-सत्तर चित्रांत हात कुठेच नव्हते. म्हणजे खिशात, पाठीमागे, ओढणीखाली, पिशवीमागे, किंवा कागदच मनगटापाशी संपलेला. मी विचारलं तर पटकन म्हणाली, "ती माझी स्टाइल आहे." आणि स्वतःच हसली. हात जमत नाहीत तिला. बोटं काढायला गेलं की केळ्याचा घड होतो म्हणे.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा थांबते. जे पुन्हा पुन्हा येतं ते सगळंच आपलं नसतं. काही गोष्टी ओढीमुळे येतात, काही भीतीमुळे, आणि कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. फरक ओळखायची माझी पद्धत साधी आहे, त्याच्या उलट करून बघायचं. समोरून चित्र काढ म्हणलं तर ती कंटाळली. हात काढ म्हणलं तर तिच्या तळव्यांना घाम आला. कंटाळा आला तिथे ओढ दुसरीकडे आहे, घाम फुटला तिथे भीती आहे आणि तिथे सराव लागतो.

डिलीट करण्याचंही तेच. पोस्ट पुसली की छातीतली धडधड लगेच थांबते, आणि मेंदू एवढंच शिकतो की पुसल्यानं बरं वाटतं, मग पुढच्या वेळी धडधड लवकर सुरू होते आणि हात पण लवकर डिलीटवर जातो. याला धरसोड म्हणून स्वतःला शिव्या घालायची गरज नाही, पण ही साखळी तोडावी लागते. आम्ही ठरवलं की तीन महिने पोस्ट नाही आणि पुसणं पण नाही. एकच वही, एकच काळं पेन, रोज वीस मिनिटं गजर लावून, खाली तारीख टाकायची. आयपॅड शनिवार-रविवार. आठवड्यातले दोन दिवस फक्त हात, स्वतःचा डावा समोर धरून. आणि एक दिवस कॉपी.

कॉपी म्हणल्यावर ती दचकली. तिच्या डोक्यात कॉपी म्हणजे चोरी. तर दुसऱ्याचं चित्र आपलं म्हणून टाकलं तर ती चोरीच आहे, पण वहीत, खाली मूळ चित्रकाराचं नाव लिहून, शिकण्यासाठी केलेली नक्कल हा अभ्यास झाला. गाणं शिकताना गुरूच्या मागे म्हणतातच की. आर. के. लक्ष्मण लहानपणी डेव्हिड लो या ब्रिटिश व्यंगचित्रकाराची कार्टून्स बघून भारावलेले होते, त्याची सही धड वाचता येत नव्हती म्हणून कितीतरी दिवस त्याचं नाव 'काउ' आहे असं समजत होते. नाव सुद्धा नीट माहीत नव्हतं, पण रेषा डोळ्यात भरून घेत होते.

आणि मी तिला व्हॅन गॉग या डच चित्रकाराच्या तारखा लिहून दिल्या. त्यानं स्वतःचा कान कापला ते वगैरे नाही, फक्त तारखा. १८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी, ठरवलं की चित्रकार व्हायचं, आणि पहिलं काम काय केलं तर शार्ल बार्गच्या चित्रकलेच्या पाठांवरून नकला. १८८५ चं 'पोटॅटो ईटर्स', काळपट तपकिरी, आज बघून चटकन कुणाला त्याचं वाटणार नाही, आणि त्याच्याआधी शेतकऱ्यांच्या डोक्यांचे चाळीसच्या वर अभ्यास केलेले. १८८६ ला पॅरिस, १८८७ ला हिरोशिगेच्या जपानी छापचित्रांच्या तैलरंगात नकला. आपण ज्याला व्हॅन गॉग म्हणून ओळखतो ती सूर्यफुलं आर्लमधली, १८८८. म्हणजे आठ वर्षं. आणि त्यानंतरही, १८८९-९० मधे सँ-रेमीच्या इस्पितळात असताना, परत मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून काढत बसलेला.

तिनं कागद वाचला आणि म्हणाली, "हो, पण मॅडम, त्याला भाऊ महिन्याला पैसे पाठवत होता."

बरोबर आहे. थिओ होता म्हणून ती आठ वर्षं होती. तुझ्याकडे टेस्टिंगचा पगार आहे आणि वीस मिनिटं आहेत, मी म्हणलं, हिशोब जास्त लांबेल. खोटं कशाला सांगू.

पहिला महिना वाईट गेला. दोनदा वही फेकून दिल्याचा मेसेज आला, दोन्ही वेळा कचऱ्याच्या डब्यातून तिनंच परत काढली. मधे एकदा चिडून विचारलं की गॅलरी ही जर माझी स्टाइल असेल तर आता मी आयुष्यभर वरूनच काढायचं का? मी म्हणलं नाही, ती फक्त आजवर तुझी उभं राहायची जागा आहे, रेषा कशी येईल ते मला सांगता येणार नाही आणि तुलाही आत्ता येणार नाही. आमच्या वडिलांकडे जुने दिवाळी अंक होते, चित्रकार दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ कुठलं आणि रघुवीर मुळगावकरांचं कुठलं हे आम्ही पोरं सही न बघता सांगायचो, पण नेमकं कशावरून ओळखलं असं विचारलं की बोलती बंद. बघणाऱ्याला आधी कळतं. म्हणून तर पुसायचं नाही म्हणत होते, पुसलं तर बघणार कोण आणि काय?

झोप साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात सुधारली. ती चित्रांमुळे की फोन रात्री बाहेरच्या खोलीत ठेवायला लागली म्हणून, सांगता येत नाही, मला वाटतं फोनचा वाटा मोठा.

शेवटच्या सेशनला तिनं वहीतलं एक पान फाडून दिलं. माझी केबिन, छतावरून बघितलेली. पंख्याचं एक पातं पुढे मोठं आलंय, खाली टेबल, पाण्याची बाटली, टिश्यूचा डबा आणि माझं डोकं. भांगात पांढरे केस, डाय लावायचा राहिला होता ते पण घेतलंय बयेनं. आणि टेबलावर माझे दोन्ही हात, उघडे, दहाच्या दहा बोटं मोजून काढलेली. उजव्या हाताचा अंगठा मात्र बाहेरच्या बाजूला, करंगळीपाशी.

मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "तो चुकलाय. स्टाइल नाहीये ती."