दोघे दीर बोलत नाहीत, पंगत कशी लावू?

हिवाळा लागला की जळगावकडे भरीत पार्ट्या सुरू होतात आणि माझ्याकडे सल्ल्यासाठी एक ठरलेली काळजी येते: कोणाला कोणाशेजारी बसवायचं? यावल तालुक्यातल्या एका ताईंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मळ्यात वीस-बावीस माणसं जेवायला बोलावलेली. मोठे आणि धाकटे दीर बांधाच्या वादापासून बोलत नव्हते. ताईंनी वहीच्या पानावर पंगती आखून आणल्या होत्या. खोडून खोडून कागद फाटायला आलेला. तोडगा त्यांनीच काढला होता. मोठे पहिल्या पंगतीला, धाकटे दुसऱ्या.

"धाकट्या जाऊबाई काय म्हणतील?" मी विचारलं.

"म्हणतील, आम्हाला उरल्यासुरल्यावर बसवलं." त्यांचं त्यांनाच हसू आलं.

मग मी एकच पंगत सुचवली. ती समोरासमोर लावली, तर ज्याचं तोंड बघायचं नाही तोच घासागणिक समोर. त्यापेक्षा दोघं एकाच ओळीत, मध्ये तीन-चार माणसं. नजरानजर होत नाही आणि मानही सारखा राहतो. मध्ये एखाद्या बोलक्या आत्याबाई असल्या तर सोन्याहून पिवळं. गुडघेदुखीवाल्यांच्या खुर्च्या त्याच ओळीच्या टोकाला ठेवा, बाजूला नकोत. शेजारी बसवून समेट घडवायचा हौशी उद्योग मात्र करू नका. चारचौघांत कोणी माघार घेत नाही.

खरा पेच जेवणाआधीच्या तासाभराचा असतो. वांगी भाजली जातायत, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापल्या जातायत आणि बाकीचे रिकामे उभे. म्हणून त्यांना म्हटलं, धाकट्या दिरांना आदल्या दिवशीच फोन करा: "नाना, बामणोदची वांगी आणलीयेत, काड्यांवर भाजायला तुम्हीच पाहिजेत." हाताला काम असलं की कोणाशी बोलायचं हा प्रश्नच येत नाही. मोठ्यांना मळा दाखवायला कोणीतरी सोबत द्या.

ताईंच्या मनातली भीती वेगळीच होती. "काही झालं तर नाव माझंच निघेल ना, मॅडम?" निघेल कदाचित. सुनेचं नाव काढायला लोकांना निमित्त लागत नाही. पण पाहुण्यांची नीट सोय लावणं एवढंच तुमचं काम. दोन भावांचा अबोला तुमच्या माथी नाही.

उठता उठता त्यांनी विचारलं, "आणि मोठ्यांनी जेवतानाच बांधाचा विषय काढला तर?"

"तो तुमच्या यजमानांनी आवरायचा. दोघं त्यांचेच भाऊ आहेत. आजच सांगून ठेवा."