औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनवर टीडीसीएस चालतं का? शॉकपेक्षा ते बरं ना?

तुमच्या बहिणीची दोन औषधं बदलून झाली, आता टीडीसीएसचा (डोक्याला बाहेरून अगदी कमी वीज देण्याचा उपचार) विचार चाललाय, आणि घरचे म्हणतात "काहीही करा, पण शॉक नको." हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या घरात दादा हेच बोलला होता.

आई तेव्हा 68 वर्षांची. आधी झोप गेली, मग देवपूजा सुटली. पुढे म्हणायला लागली, "माझी आतडी सडलीत, जेवण जाणार कुठे?" आणि ताट सारून द्यायची. मी पेजेची वाटी घेऊन तासन् तास शेजारी बसायचे. दोन औषधं पुऱ्या डोसवर सहा-सहा आठवडे देऊन झाली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, आता ईसीटी, म्हणजे शॉक, द्या, थांबू नका. दादा उखडला. "आईला शॉक देऊन वेडी करायचीय का?" त्यानेच टीडीसीएसचं क्लिनिक शोधलं. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज कपाळावर डावी-उजवीकडे, वरून पट्टा, 2 मिलिअँपिअर वीज, अर्धा तास. अशा 15 सिटिंग. थोडी खाज, कपाळ लाल, बाकी त्रास काही नाही. आई मुकाट बसायची. पंधरावी सिटिंग झाली त्या आठवड्यात तिने पाणीही नाकारलं आणि तिला दाखल करावं लागलं.

तिथे ईसीटी झाली. रात्रीपासून उपाशी, सकाळी भूल, स्नायू सैल करणारं इंजेक्शन, दातांमध्ये रबर. झटका दिसावा म्हणून एका पायाला पट्टा आवळून तेवढाच पाय औषधापासून लांब ठेवतात. मी दारातून पाहिलं, त्या पायाची बोटं तेवढी थरथरली, मिनिटभरसुद्धा नाही. मी काय काय डोळ्यांसमोर आणलं होतं! चौथ्या सिटिंगच्या दुसऱ्या दिवशी आई जेवताना म्हणाली, "वरणात हिंग घातला नाहीस का?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता तुमच्या प्रश्नाचं. दोन्हीत वीज आहे, पण काम वेगळं. ईसीटी मेंदूत फिट आणते, उपचार त्या फिटमध्ये आहे. टीडीसीएसची वीज फिट आणत नाही, पेशींना थोडं उत्तेजित होण्याच्या बाजूला झुकवते, बस. ब्राझीलमध्ये 245 रुग्णांवर चाचणी झाली (2017), त्यात ते नकली (नुसत्या देखाव्याच्या) उपचारापेक्षा सरस ठरलं, पण एस्सिटॅलोप्रॅम या डिप्रेशनच्या गोळीच्या तोडीचं आहे हे सिद्ध झालं नाही. 2023 च्या जर्मन चाचणीत गोळ्यांच्या जोडीला दिलं तर नकली उपचाराइतकाच फरक पडला. 2017 सालीच युरोपातल्या तज्ज्ञांनी त्याची शिफारस केली होती ती औषधांना दाद देणाऱ्या डिप्रेशनपुरती. तुमची बहीण त्यात बसत नाही. विचारायचंच तर आरटीएमएसबद्दल विचारा, त्यात चुंबकाने मेंदूत वीज निर्माण करतात, भूल लागत नाही, आणि औषधं लागू न पडलेल्यांवर त्याचा अनुभव बराच जास्त आहे.

भूल न देता शॉक देण्यावर आपल्याकडे 2017 च्या कायद्याने बंदी आहे. दादाच्या डोक्यातलं चित्र त्याआधीचं होतं, आणि त्या चित्रापायी आई उपाशी राहिली. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय.

हेही सांगायला हवं की ईसीटीचेही तोटे आहेत. दवाखान्यातले ते दिवस आईला आठवत नाहीत, माझ्या मुलीचा दहावीचा निकालसुद्धा नाही. आणि नंतर गोळ्या बंद केल्या तर आजार बहुतेकदा परत येतो. तुमची बहीण जेवत असेल, बोलत असेल, मरणाच्या गोष्टी करत नसेल तर टीडीसीएस करून बघायला हरकत नाही, पण किती आठवड्यांत फरक दिसला नाही तर थांबायचं हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांशी ठरवा. डोक्यात धातू, पेसमेकर, कधी फिट किंवा मेनिया (अतिउत्साहाचा आजार) झाला असेल तर लपवू नका.

दादा आजही म्हणतो, त्या 15 सिटिंगचाच परिणाम उशिरा दिसला. माझ्याकडे वजनाची वही आहे. आजार सुरू झाला तेव्हा 52 किलो, पट्टा लावायला गेलो तेव्हा 45, पंधराव्या सिटिंगला 41. बहिणीचं वजन आजपासून दर रविवारी लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.