वाचकांचे प्रश्न : काळ्या अस्वलावर नेम कुठे धरावा?

प्रश्न : उत्तर अमेरिकेत परवान्याने काळ्या अस्वलाची शिकार करताना हरणासारखाच खांद्यामागे, छातीच्या खालच्या भागात नेम धरला तर चालेल का?

उत्तर : नाही. अस्वलाचे लांब केस छातीखाली लोंबतात, त्यामुळे शरीराची खालची कड आहे त्याहून खाली भासते. तिथे मारलेली गोळी नुसती केसांतून किंवा चरबीतून जाते आणि जनावर जखमी होऊन पळते. अस्वल पूर्ण आडवे, म्हणजे कूस तुमच्याकडे करून, उभे राहू द्या, किंवा किंचित पाठमोरे. जवळचा पुढचा पाय पुढे पडला की त्या पायाच्या मागच्या कडेवरून सरळ वर या आणि उंचीच्या साधारण मध्यावर, फार तर थोडे खाली, नेम धरा. तिथे दोन्ही फुफ्फुसे सापडतात. किंचित पाठमोरे असेल तर पलीकडचा खांदा डोळ्यांपुढे ठेवून नेम त्या मानाने मागे घ्या.

डोक्यावर मारू नका: कवटी उतरती, मेंदू लहान. धनुष्याने शिकार करत असाल तर समोरून बाण मुळीच नको.

गोळी आरपार जाणे फार महत्त्वाचे. चरबी छिद्र बुजवते, दाट केस रक्त शोषतात. पलीकडे छिद्र नसेल तर जमिनीवर अनेकदा थेंबही मिळत नाही. म्हणून अस्वल शेवटचे कुठे दिसले ते झाड लक्षात ठेवा आणि किमान अर्धा तास थांबून मगच माग काढा. पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास थांबा.

आणि नेम धरण्यापूर्वी आजूबाजूची झाडे नीट न्याहाळा. पिल्ले बहुधा वर चढून बसलेली असतात. पिल्लांची आई मारणे अनेक राज्यांत बेकायदा आहे.