वाचकांचे प्रश्न : एका भिंतीवर अनेक चौकटी

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यात सोफ्यामागची भिंत मोकळी आहे आणि घरात लहानमोठ्या आकारांच्या, वेगवेगळ्या रंगांच्या बऱ्याच फ्रेम आहेत. त्यांत कौटुंबिक छायाचित्रे, काही रंगचित्रे व एक जुना नकाशा आहे. सगळ्या एकत्र लावून पाहिल्या, तेव्हा भिंत गजबजल्यासारखी दिसू लागली. सर्व फ्रेम एकसारख्या करून घ्याव्यात का?

उत्तर : तशी गरज नाही, उलट फ्रेम एकसारख्या केल्यास आपल्या संग्रहातील विविधता निष्कारण नाहीशी होईल. भिंत गजबजलेली दिसते ती बहुतेक वेळा चौकटींमधील अंतरे असमान असल्यामुळे. दोन फ्रेममधील मोकळी जागा सर्वत्र सारखी, म्हणजे साधारण ५ ते ७ सेंटीमीटर ठेवली, तर अगदी भिन्न आकारांची चित्रेही एका समूहाची वाटतात. हेच अंतर कुठे ३ आणि कुठे १५ सेंटीमीटर झाले, की नजर चित्रांवर ठरत नाही.

दुसरे म्हणजे, घरात असलेली प्रत्येक फ्रेम भिंतीवर गेलीच पाहिजे असे नाही. अठराव्या शतकात पॅरिसच्या लूव्हर राजवाड्यात भरणाऱ्या प्रदर्शनांत चित्रे चौकटीला चौकट भिडवून पार वरपर्यंत टांगत. अशा मांडणीत फार उंचावर गेलेले चित्र कोणाच्या नीट दृष्टीस पडत नसे. आपल्याला तेवढी दाटी करण्याचे कारण नाही. जी चित्रे जवळ जाऊन पाहावीशी वाटतात ती निवडावीत आणि उरलेली दुसऱ्या खोलीसाठी ठेवावीत.

निवड झाल्यावर जमिनीवर चादर अंथरावी आणि उपलब्ध जागेच्या मापाची तिची घडी घालून तीवर फ्रेम मांडाव्यात. संपूर्ण मांडणीची रुंदी सोफ्याच्या रुंदीच्या सुमारे दोन-तृतीयांश असावी. सर्वांत मोठी चौकट बरोबर मध्यभागी न ठेवता थोडी डावी-उजवीकडे ठेवावी व तिच्याभोवती लहान चौकटी बसवत जावे. मग मांडणीला मोकळेपणा येतो. मनासारखी रचना जमली की उभे राहून वरून मोबाइलने तिचे छायाचित्र काढावे आणि ते कृष्णधवल करून पाहावे. रंग बाजूला गेल्याबरोबर सगळ्या गडद फ्रेम एकाच कोपऱ्यात गोळा झाल्या असतील तर ते तत्काळ लक्षात येते, आणि केवळ दोन फ्रेमची अदलाबदल केल्यानेही तोल साधतो.

उंचीबाबत सांगायचे, तर मोकळ्या भिंतीवर समूहाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर असावा. सोफ्यामागे मात्र खालची कड सोफ्याच्या पाठीपासून १५ ते २० सेंटीमीटर वर ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण त्याहून जास्त अंतर पडले की चित्रे आणि सोफा यांचा परस्परांशी संबंध उरत नाही.

प्रश्न : कितीही मोजून खिळा ठोकला तरी फ्रेम ठरवलेल्या जागी येत नाही आणि भिंतीला नको तेवढी भोके पडतात. यावर उपाय काय?

उत्तर : प्रत्येक फ्रेमच्या मापाचा खाकी कागद कापून तो मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवावा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्यावा. येता-जाता पाहिल्यावर मांडणीतील उणिवा आपोआप दिसतात. खिळ्याची जागा चुकते ती फ्रेमच्या मागील तारेमुळे. फ्रेम टांगल्यावर तार वरच्या दिशेने ताणली जाते. म्हणून मोजतानाही तारेचा मध्य बोटाने वर ओढून ताठ धरावा व तेथून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. तेवढेच अंतर कागदाच्या वरच्या कडेपासून खाली मोजून खूण करावी आणि कागदावरूनच खिळा ठोकावा. रुंद फ्रेम एकाऐवजी दोन हुकांवर टांगली, तर वारंवार तिरकी होत नाही.

विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत जड फ्रेमसाठी ड्रिलने भोक पाडून प्लग व स्क्रू वापरावा. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत विजेची वायर गेलेली असू शकते. तेथे ड्रिल करू नये. चिकटपट्ट्या हलक्या फ्रेमपुरत्याच ठीक आहेत, आणि रंगाचे पोपडे निघणाऱ्या भिंतीवर त्या मुळीच लावू नयेत.

प्रश्न : आजी-आजोबांचे एकमेव जुने छायाचित्र याच भिंतीवर लावायचे आहे. तेथे दुपारी ऊन येते. चालेल का?

उत्तर : मूळ प्रत कृपया लावू नका. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि ती भरून निघत नाही. म्हणूनच वस्तुसंग्रहालये कागदावरील नाजूक कलाकृतींवर केवळ ५० लक्सच्या (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास प्रकाश ठेवतात, तर थेट उन्हात तो हजारो लक्स असतो. छायाचित्र उत्तम दर्जाने स्कॅन करून घ्यावे, त्याची प्रत भिंतीवर लावावी आणि मूळ छायाचित्र आम्लमुक्त कागदात, कोरड्या व अंधाऱ्या जागी जपून ठेवावे. प्रत फ्रेम करतानाही काच आणि छायाचित्र यांच्यामध्ये माउंट, म्हणजे मध्ये खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, घालून घ्यावा, नाहीतर दमट हवेत छायाचित्र काचेला चिकटते. भिंतीला ओल येत असेल, तर फ्रेमच्या मागील खालच्या दोन्ही कोपऱ्यांवर बुचाचे छोटे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळती राहते.