जोगवा मागणारी, जोगतीण आणि ‘देवाला सोडणं’

प्रश्न : कोल्हापूरकडं ‘जोगतीण’ आणि ‘जोगवा मागणारी’ हे शब्द एकाच अर्थानं वापरले तर चालतं का?

चालत नाही. जोगवा हा कुळाचार किंवा नवस. घरची बाई मंगळवारी, शुक्रवारी किंवा नवरात्रात परडी घेऊन पाच घरं मागते, मिळालेल्या शिध्याचा देवीला नैवेद्य करते आणि परत आपल्या संसाराला लागते. जोगतिणीला परत लागायला संसारच नसतो. तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं ‘दर्शन’ बांधलेलं असतं. लग्न सौंदत्तीच्या यल्लमा देवीशी लागलं असं मानतात, म्हणून दुसरं लग्न नाही. मागणं हेच तिचं पोट.

तिच्याजवळच्या वस्तूंतही गल्लत होते. परडी म्हणजे भंडारा, कवड्या ठेवलेली उथळ टोपली. ‘जग’ वेगळा : देवीचा मुखवटा, लुगडं, मोरपिसं असा सजवून तो डोक्यावर घेतात. हा शब्द पुल्लिंगी, म्हणून ‘जग आला’, ‘मानाचे जग’. चौंडकं या तिच्या वाद्याला तर सर्रास तुणतुणं म्हणतात. तुणतुण्याला बाजूला काठी आणि खुंटी असते, तार लावली की सूर ठरला. चौंडक्याला काठी नाही. नळकांडं काखेत दाबायचं, कातड्यातून निघालेली तात एका मुठीत ताणून धरायची आणि दुसऱ्या हातानं छेडायची. मूठ ओढली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो.

आता ‘देवाला सोडलेली’. वळू देवाला सोडतात, तेच क्रियापद माणसाच्या लेकरालाही लावलं गेलं. सोडल्या गेल्या त्या बहुतेक दलित घरांतल्या मुली. निमित्त कधी आजारपणाचं, कधी जटेचं. ‘जट आली’ म्हटलं की ती देवीनं धाडली असं वाटतं. विंचरण-धुणं थांबलं की घामानं, मळानं केस चिकटतात, म्हणून ‘जट झाली’ म्हणणं नेमकं.

राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानात या प्रथेविरुद्ध कायदा केला. यल्लमाची सौंदत्ती ज्या राज्यात आहे त्या कर्नाटकाचा कायदा १९८२ चा. सोडणारं कुणीतरी माणूसच असतं, तेव्हा लिहिताना ‘ती देवाला सोडलेली होती’ असं कर्त्यावाचून लिहू नये. ‘आईबापांनी तिला दर्शन बांधलं’, ‘पंचांनी बांधायला लावलं’, जे घडलं असेल ते कर्त्यासकट लिहावं.